पाणी नितळ आहे, अहवाल चांगला आहे, तरी ओढा आजारी का वाटतो?

करंजकाठ · ३० नोव्हेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमचं गाव भोर तालुक्यात आहे. गावात अजून बोलणी चालू आहेत म्हणून नाव देत नाही. वरच्या अंगाला डोंगर आहे, तिथून एक ओढा येतो आणि पुढे नीरेला मिळतो. दिवाळीपर्यंत खळखळून वाहतो, होळीपर्यंत धार बारीक होते आणि एप्रिलात नुसते डोह उरतात. आजी सांगायची तेव्हाही तो असाच होता.

गेल्या वर्षी वरच्या घाटात रस्त्याचं रुंदीकरण झालं. निघालेला मुरूम, दगडमाती सगळी उतारावर लोटून दिली. यंदाच्या पावसात त्यातली बरीच ओढ्यात उतरली. जुलै-ऑगस्टभर पाणी चहासारखं होतं, दसऱ्यानंतर निवळलं. आता गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर पायाची नखं दिसतात.

पण मुलाला मळ्या सापडत नाही. आम्ही लहानपणी ओढणी धरून मळ्या पकडायचो. बोटाएवढा मासा, दगडाला पोटाकडून चिकटून बसतो आणि धारेतही हलत नाही. यंदा चार रविवार गेलो, एकही दिसला नाही. चतुरही कमी वाटतात.

ग्रामपंचायतीत विचारलं तर पाण्याचा अहवाल दाखवला. पीएच, क्षार, नायट्रेट, क्लोराइड, सगळं मर्यादेत. ‘पाणी नितळ आहे, अहवाल चांगला आहे, मग ताई, तक्रार कशाची?’ मला उत्तर देता आलं नाही आणि ते फार लागलं. ओढा बरा आहे की नाही हे कसं तपासतात? घरच्या साधनांनी जमेल असं काही आहे का?

---

निवृत्त_रसायन · ३० नोव्हेंबर, रात्री १०:४०

ताई, पाण्याच्या प्रयोगशाळेत माझी ३१ वर्षं गेली, म्हणून लिहितो. तुमच्या हातातला अहवाल खोटा नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. ग्रामपंचायतीचे नमुने पिण्याच्या पाण्याच्या मानकावर तपासतात, म्हणजे आयएस १०५००. पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत, नायट्रेट ४५ पर्यंत. माणसाने हे पाणी प्यावं का, एवढंच त्यात पाहतात. माशाने यात श्वास घ्यावा का, हे कुणी विचारलेलंच नसतं. विरघळलेल्या प्राणवायूचा रकानासुद्धा त्या कागदावर नसेल, पाहा.

नदी-ओढ्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘ए’ ते ‘ई’ असे वर्ग आहेत. आंघोळीच्या पाण्याला, म्हणजे ‘बी’ला, प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त आणि बीओडी ३ किंवा कमी लागतो. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या ‘डी’ वर्गात प्राणवायू किमान ४ हवा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप. आपल्याकडे तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात.

प्राणवायू मोजाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. वेळ लिहिल्याशिवाय तो आकडा कामाचा नाही. दुपारी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, तेव्हा सांडपाण्याच्या नाल्यातही आकडा छान येतो. रात्रभर तेच शेवाळ प्राणवायू ओढतं. मासे मरतात ते पहाटे. नोकरीत मी कितीतरी नमुने ‘सकाळी ११ वाजता’ असे लिहिलेले पाहिले. सूर्य उगवायच्या आधी घेतलेला एकही आठवत नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

जवळच्या महाविद्यालयात प्राणवायू मोजायच्या विंकलर पद्धतीचं सामान असतं. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि काठावरच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर पाणी गुदमरलेलं आहे. आकडा नंतर काढता येतो, पण तो रंग तिथेच, ओढ्यात उभं राहून दिसतो.

---

पाणकिडे_मास्तर · १ डिसेंबर, सकाळी ७:०५

काकांशी पूर्ण सहमत. त्यांच्या बाटलीला मी एक परात जोडतो.

पाण्याचा नमुना म्हणजे त्या क्षणाचा फोटो. रात्री दोनला कुणी काही सोडलं तर सकाळपर्यंत ते पाणी पुढे निघून जातं आणि बाटलीत काहीच येत नाही. दगडाखालच्या किड्याला मात्र पळून जाता येत नाही. तो तिथे कित्येक महिने राहतो, काही जाती तर वर्षभर. त्याने जे सोसलं असेल ते त्याच्या असण्या-नसण्यात उतरतं. म्हणून ओढ्याची तब्येत पाहायची तर दगड उलटायचा. ही कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी जिवांवरून पाण्याची घाण ओळखायची पद्धत बसवली होती.

सामान: मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, पांढरी परात, चमचा, जुना रंगाचा ब्रश आणि भिंग. खळाळत्या उथळ जागी जाळी धारेच्या खालच्या अंगाला टेकवा. वरच्या अंगाला उभं राहून पायाने तळ तीन मिनिटं ढवळा. मग पाच-सहा दगड हातात घेऊन ब्रशने जाळीतच झाडा. सगळं परातीत ओता आणि दोन मिनिटं हालचाल न करता नुसतं बघा. सुरुवातीला काडीकचराच दिसतो. मग त्यातली एखादी काडी चालू लागते.

ओळखायचं कसं ते थोडक्यात (पहिले तीन माशीसारखे उडणारे कीटक आहेत, त्यांची पिल्लं पाण्यात वाढतात):

मेफ्लायची पिल्लं: बहुतेकांना तीन शेपट्या, पोटाच्या कडेला पिसांसारखे कल्ले आणि ते सतत हलत असतात. चपटी, रुंद डोक्याची, दगडावर खेकड्यासारखी तिरकी सरकणारी असतील तर फार चांगलं लक्षण.

स्टोनफ्लाय: दोनच शेपट्या, पायाच्या टोकाला दोन नख्या, कल्ले काखेत. आपल्याकडे हिच्या जाती थोड्या, बहुतेक पर्लिडी कुळातल्या. ही दिसली की पाण्याला प्राणवायूची ददात नाही असं समजा.

कॅडिस: काही वाळूचे कण चिकटवून नळीचं घर बांधतात. काही घर न बांधता दोन दगडांच्या फटीत जाळं विणतात आणि कोळ्यासारखी वाट पाहतात.

दुसऱ्या टोकाला तांबड्या अळ्या. रक्तासारखा लाल रंग त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनमुळे येतो, म्हणून कमी प्राणवायूतही त्या तगतात. शिवाय गाळातले बारीक किडे, जळवा, आणि डावीकडे तोंड असलेली छोटी फायसा गोगलगाय.

ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीला यासाठी एक गुणपद्धत तयार झाली. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण, नाजूक कुळाला जास्त. सापडलेल्या कुळांच्या गुणांची सरासरी काढायची. आपल्या केंद्रीय मंडळाने तीच पद्धत इथल्या नद्यांसाठी जुळवून घेतली आहे: सरासरी ७ किंवा जास्त म्हणजे स्वच्छ, २च्या खाली म्हणजे अतिशय दूषित. जोडीला विविधता पाहतात. ती कुणालाही काढता येते. परातीतून एकेक जीव उचलायचा आणि आधीच्या जिवापेक्षा वेगळा निघाला की एक रेघ ओढायची. २० जिवांत १४ रेघा आल्या तर ०.७. सगळ्या तांबड्या अळ्याच निघाल्या तर २० जिवांत एकच रेघ, ०.०५.

कुळं ओळखणं जड वाटलं तर दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांसाठी १३ ढोबळ गटांची पद्धत आहे, मिनिसास. तिच्यात स्टोनफ्लायला १७ गुण आणि गांडुळवर्गाला २. तेवढ्यावरही सुरुवात होते.

महत्त्वाचं म्हणजे एकाच ठिकाणी पाहू नका. मातीच्या ढिगाच्या वर एक जागा आणि खाली एक. वरची जागा हा तुमचाच ओढा, निरोगी असताना कसा होता ते सांगणारा. तुलना तिच्याशीच करायची, युरोपातल्या तक्त्याशी नाही.

---

व्हाळकरीण · १ डिसेंबर, दुपारी १:२०

मास्तरांचं शेवटचं वाक्य मला फार पटलं. मी संगमेश्वरकडची, आमच्याकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात. आमचा व्हाळ मे महिन्यात कोरडा पडतो. बाहेरून आलेल्या एका पाहणीत त्याला ‘मृत’ लिहून टाकलं होतं. उन्हाळ्यात आटणं हा त्याचा आजार नव्हे, ती त्याची रीत आहे. कातळातल्या डोहांत, ओल्या वाळूखाली, झाडांच्या मुळांत जीव तग धरून राहतात. पहिल्या पावसात खेकडे बाहेर पडतात तेव्हा सगळ्यांना दिसतं की तो मेला नव्हता. आजार कोणता म्हणाल, तर पूर्वी मेपर्यंत टिकणारा डोह वर पंप बसल्यावर मार्चमध्येच संपतो, तो. म्हणून तारीख लिहून ठेवा: धार कधी तुटली, कुठला डोह कधी आटला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे तोंडपाठ असतं.

पाण्याबरोबर काठही बघा. सावली आहे का? करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज काठावर असले की पाणी थंड राहतं, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २० अंशांना साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. वरून पानं पडतात. ती पानं कुजतात आणि तेच किड्यांचं जेवण. काठ तोडून दगडी भिंत बांधली की सावलीही जाते आणि जेवणही.

आणि एक काळजी. पावसाळ्यात किंवा गुरं बसतात त्या पाण्यात उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नको. आमच्याकडे लेप्टोच्या तापाने माणसं गेली आहेत.

---

काळी_माती · १ डिसेंबर, रात्री ८:३३

एवढं किडे मोजत बसण्यापेक्षा सरळ जेसीबी लावून गाळ काढा ना. आमच्याकडे ओढ्याचं खोलीकरण-रुंदीकरण झालं आणि विहिरींना पाणी वाढलं. शेतकऱ्याला पाणी लागतं, किडा नाही. राग मानू नका, पण हा प्रश्न मनापासून विचारतोय.

---

पाणकिडे_मास्तर · १ डिसेंबर, रात्री ९:५०

दादा, राग कसला. विहिरींना पाणी वाढलं असेल, मी ते नाकारत नाही. पण डोंगराच्या ओढ्याचं पात्र आणि तुमच्याकडच्या सपाटीच्या नाल्याचं पात्र सारखं नसतं. आमच्या ओढ्यात एक उथळ खळाळ, मग एक डोह, मग पुन्हा खळाळ, अशी रचना असते. खळाळात पाणी दगडांवर आपटतं आणि हवा घेतं. डोहात मासे उन्हाळा काढतात. जेसीबी गाळाबरोबर गोटेही उचलतो आणि मागे एकसारखी चारी उरते. तीत गाळ पुन्हा बसतो, पण गोटे परत यायला कितीतरी पूर जावे लागतात.

आणि गाळ वरून येतच असेल तर खालून किती वर्षं काढणार? आधी उगम बंद करायला हवा. किडे मोजायचे ते त्यासाठीच. दुखणं कुठे आहे हे कळल्याशिवाय औषध कसं देणार?

---

लीड्सकर · २ डिसेंबर, पहाटे ३:१५

इंग्लंडमध्ये राहते. इथल्या गळ टाकणाऱ्या लोकांनी नद्यांवर पहारा ठेवला आहे, त्यात मी पाच वर्षं आहे. महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी जायचं, तीन मिनिटं तळ ढवळायचा, एक मिनिट दगड तपासायचे आणि फक्त आठ गट मोजायचे. एकेक जीव मोजत बसत नाही: १ ते ९ असतील तर ‘ए’, १० ते ९९ ‘बी’, १०० ते ९९९ ‘सी’, पुढे ‘डी’. प्रत्येक जागेसाठी एक किमान आकडा ठरवलेला असतो. त्याच्या खाली गेलं की त्याच दिवशी पर्यावरण खात्याला कळवायचं.

मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते सातत्य. एका परातीतून काही सिद्ध होत नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने, त्याच माणसाने घेतलेल्या बारा पराती समोर ठेवल्या की अधिकाऱ्याला ऐकून घ्यावंच लागतं. ताई, आजपासून वही करा. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, आधीच्या आठवड्यात पाऊस होता का, परातीचा फोटो. आणि पूर ओसरल्यावर महिनाभर तरी थांबून मगच नमुना घ्या, कारण पुरात किडे वाहून जातात आणि आकडा विनाकारण कमी दिसतो.

माझ्याकडे एक वापरलेली चांगली जाळी आहे. पत्ता कळवलात तर पाठवते.

---

करंजकाठ · ९ डिसेंबर, रात्री ८:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज आम्ही दोन जागी नमुने घेतले. सोबत मुलगा, जाऊबाई आणि शाळेतल्या एक शिक्षिका. मास्तरांना फोटो पाठवून कुळं ओळखून घेतली.

जागा ‘क’, ढिगाच्या वर. करंजाची सावली. दगड उचलला की सहज हातात येतो, खालून काळा, ओला, स्वच्छ. पहिल्याच दगडावर सहा चपटी पिल्लं! रुंद कपाळ, तीन शेपट्या, उजेड पडला की दगडाच्या खालच्या बाजूला पळतात. स्टोनफ्लाय दोन मिळाल्या, पिवळट-तपकिरी, दोन शेपट्या. दोन दगडांच्या फटीत कॅडिसचं जाळं सापडलं, नखाएवढं, तोंड धारेकडे. शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘एवढी वर्षं इथे कपडे धुतले, हे कधी पाहिलं नाही.’ एकूण नऊ कुळं. गुण १०, १०, १०, ८, ७, ५, ५, ४ आणि २. बेरीज ६१, सरासरी ६.८.

जागा ‘ख’, ढिगाच्या खाली, अर्ध्या किलोमीटरवर. पाणी तितकंच नितळ. तापमान फक्त एका अंशाने जास्त. पण दगड उचलायला गेले तर उचलेना. मुळापर्यंत मुरमात रुतलेला. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा ‘चप्प’ आवाज करून निघाला आणि मागे पिवळट गढूळ ढग उठला. दगडाच्या वरच्या दोन बोटांवरच शेवाळ होतं, खाली सगळा मातीचा पट्टा. दहा दगड काढले, त्यातले आठ निम्म्याहून जास्त रुतलेले. परातीत पाच कुळं: बेटिडी (मेफ्लायचं एक कुळ) ४, केनिडी ७, गॉम्फिडी चतुर ८, कायरोनॉमिडी (लाल अळ्या याच कुळातल्या) २ आणि गांडुळवर्ग १. बेरीज २२, सरासरी ४.४. लाल अळ्या फारशा नाहीत. चपटी पिल्लं, स्टोनफ्लाय, कॅडिस एकही नाही.

पहाटे साडेपाचला विंकलरची बाटलीही भरली. महाविद्यालयातल्या मुलांनी सामान दिलं. दोन्ही जागी साका तपकिरी. ‘क’ला ७.९, ‘ख’ला ७.६.

म्हणजे प्राणवायू भरपूर आहे. मग हे जीव गेले कुठे?

---

पाणकिडे_मास्तर · ९ डिसेंबर, रात्री १०:३०

ताई, तुमचं उत्तर तुमच्या परातीतच आहे. ४.४ हा आकडा बाजूला ठेवा आणि ‘ख’ला कोण उरलं ते पाहा.

केनिडी ही छोटी मेफ्लाय. भिंगाखाली पाठीवर दोन चौकोनी झाकणं दिसली असतील, खालचे कल्ले ती त्या झाकणांनी मातीपासून जपते. गॉम्फिडी चतुराचं पिल्लू वाळूत पुरून घेऊनच जगतं. म्हणजे गाळात राहायची ज्यांच्याकडे सोय आहे तेच उरले. गेले ते कोण? दगडाच्या पृष्ठावरचा बुळबुळीत थर खरवडणारे आणि फटीत जाळं लावणारे. पृष्ठावर माती बसली, फटी मुरमाने भरल्या. खायला नाही, लपायला नाही, जाळं लावायला नाही.

घाण पाण्याने जीव गेले असते तर परात वेगळी दिसली असती: लाल अळ्यांचा खच, जळवा, फायसा गोगलगाई, आणि पहाटेचा प्राणवायू दोन-तीनवर. तुमच्याकडे तसं काहीच नाही. ही गुणपद्धत मुळात सांडपाण्यासाठी बनवली आहे. गाळाने केनिडीसारखी ७ गुणांची कुळं मरत नाहीत, त्यामुळे सरासरी वास्तवापेक्षा बरी दिसते. अशा वेळी सरासरीपेक्षा गैरहजेरीपट जास्त बोलतो.

तुमचा ओढा पाण्याने आजारी नाही, पात्राने आजारी आहे. म्हणून पाण्याचा कुठलाही अहवाल चांगलाच येणार.

आणि मळ्याचं कोडंही इथेच सुटतं. तो हनुवटीखालच्या चकतीने दगडाला चिकटतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. मातीने माखलेल्या दगडावर त्याला चिकटताही येत नाही आणि जेवताही येत नाही. तुमच्या मुलाला सांगा, या माशाचं शास्त्रीय नावच ‘गॅरा मुल्या’ आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा इथल्या लोकांकडून ऐकलेली नावंच कितीतरी माशांना ठेवली: मुल्या, खुद्री, शिंगटी, सांडखोल. जगभरच्या पुस्तकांत आज ती तशीच लिहितात.

---

निवृत्त_रसायन · १० डिसेंबर, सकाळी ६:५०

मास्तर, मान्य. मी यात भर घालतो आणि माझी चूकही दुरुस्त करतो. मी ताईंना बाटलीच्या मागे लावलं, पण इथे बाटलीने फक्त ‘सांडपाणी नाही’ एवढं सांगितलं. तेही कामाचं आहे, संशय एका जागी आला. पण गढूळपणा मोजायचा होता तो जुलैत. नोव्हेंबरात निवळलेल्या पाण्याचा नमुना घेऊन ‘गढूळपणा मर्यादेत’ लिहिणं म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणं. पुढच्या पावसाळ्यात काठावर उभं राहून, पाण्यात न उतरता, दोन्ही जागचं पाणी एकाच दिवशी एकेक लिटर पारदर्शक बाटलीत भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला किती बोटं माती बसली ते पट्टीने मोजा आणि शेजारी शेजारी फोटो काढा. यंत्र लागत नाही. ग्रामसभेत त्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्यात तर समजावून सांगायची गरज उरणार नाही.

---

काळी_माती · १० डिसेंबर, दुपारी २:१०

मास्तर, वाचलं आणि पटलं. माझ्या नाल्याचा दगडही काल उलटून बघायला गेलो. उलटायला दगडच नाही, सगळी चारी. एका कडेला जुना बांध आहे, तिथे थोडे गोटे उरलेत, त्याखाली झिंगे आणि टाचणीची, म्हणजे बारीक चतुराची, दोन पिल्लं मिळाली. ते गोटे आता काढू देणार नाही.

करंजकाठताई, ढिगाचं काय करणार? नुसता वर उचलायला खर्च मोठा. आमच्याकडे शेताच्या बांधाला माती धरायला वाळा लावतात, मुळं माणसाएवढी खोल जातात. ढिगाच्या पायथ्याला सुक्या दगडांचा बांध घालून वर वाळ्याच्या ओळी लावल्या तर माती धरेल.

---

व्हाळकरीण · १० डिसेंबर, दुपारी ४:००

वाळा चांगला. ओढ्याच्या अगदी काठाला शेरणी आणि वाळुंज लावा. दोन्ही पुरात वाकतात, मोडत नाहीत, आणि आपल्याच नद्यांच्या आहेत. फांदी खोचली की वाळुंज लागते, रोपवाटिकेत शोधायची गरज नाही. पण वरच्या निरोगी भागातली झुडपं ओरबाडू नका, प्रत्येकाची एखादीच फांदी घ्या.

---

करंजकाठ · १४ डिसेंबर (एका वर्षाने), रात्री ९:३०

धागा वर आणते, कारण तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत त्याचं काय झालं ते सांगायला हवं.

जानेवारीच्या ग्रामसभेत वही आणि परातीचे फोटो ठेवले. पहिल्यांदा फारसं कुणी ऐकलं नाही. मग एका आजोबांनी उठून सांगितलं की त्या वळणावर पूर्वी कपडे धुताना पायाखाली गोटे फिरायचे, आता फरशीसारखं लागतं. त्यांच्या त्या एका वाक्याने सभा बदलली. ठराव झाला. ओढ्याच्या बाजूचा सैल ढीग निम्म्याहून जास्त उचलला गेला, उरलेल्याला पायथ्याशी दगडी बांध घातला. वाळा आम्ही बायकांनी लावला, मे अखेरीस, तीन ओळी. दुसऱ्या ओळीतला बराचसा पहिल्याच मोठ्या पावसात निघून गेला. बाकीच्या दोन टिकल्या.

जुलैत काकांच्या दोन बाटल्या भरल्या. ‘क’ला तळाशी नखभर माती, ‘ख’ला दीड बोट. अजून माती येते आहे, पण गेल्या पावसाळ्यातलं ते चहासारखं पाणी यंदा फक्त नऊ दिवस होतं, वहीत तारखा आहेत.

या रविवारी परात घेतली. ‘ख’ला आता सात कुळं. जुनी पाच आहेतच. शिवाय जाळं विणणारी कॅडिस आणि चपट्या मेफ्लायची दोन पिल्लं, दोन्ही एकाच दगडाखाली. बेरीज ३७, सरासरी ५.३. दहातले पाच दगड निम्म्याहून जास्त रुतलेले, गेल्या वर्षी आठ होते. स्टोनफ्लाय नाही. मळ्या ‘ख’ला नाही, पण ‘क’ आणि ‘ख’च्या मधल्या डोहाच्या तोंडाशी मुलाने एक पाहिला म्हणतो. मी पाहिला नाही, म्हणून वहीत ‘मुलाने पाहिला’ असंच लिहिलं आहे.

---

पाणकिडे_मास्तर · १४ डिसेंबर, रात्री १०:०५

ती दोन चपटी पिल्लं वरून वाहत आली असतील किंवा माशीने तिथेच अंडी घातली असतील. कशीही आली तरी त्यांना राहायला जागा मिळाली, हे मोठं आहे. वरची जागा जपा. खालचा ओढा तिथूनच भरून येणार. स्टोनफ्लायला वेळ लागेल. फेब्रुवारीत पुन्हा बघा, धार तुटायच्या आधी.

---

करंजकाठ · १४ डिसेंबर, रात्री १०:२०

हो सर, फेब्रुवारीचा पहिला रविवार ठरला आहे. आता शाळेची सातवीची मुलंही येणार आहेत, म्हणून बाईंनी आणखी चार पराती घेतल्या. लीड्सकर ताई, तुमची जाळी पोस्टाने नीट पोचली. दांडा थोडा लांब होता, मुलांच्या उंचीला कापून घेतला.